तीन हाकांचं दार

माझ्या पोटात बातमी टिकत नाही, हे साऱ्या शारजाला ठाऊक आहे. आमचे हे, म्हणजे माझ्या मुश्ताकचे अब्बा, म्हणायचे, "मरियमबीच्या कानात टाका, अजमानला दवंडी वेगळी नको." खरं आहे ते. आयुष्यात एकच बातमी मी गिळली, आणि तीच अंगाशी आली.

तेव्हा आम्ही रोल्लाच्या मोठ्या वडाजवळ राहायचो. विजेचा पत्ता नाही, विहिरीचं पाणी मचूळ. आमच्या भिंतीला भिंत लावून झुवेनाचं घर. चौसष्ट साली झांझिबारात सुलतानाचं तख्त उलटलं, कापाकापी झाली, तेव्हा ती गलबतात बसून इकडे आली. उंच, काळीभोर, चालायची अशी की गल्ली हिच्याच नावावर असावी. पण गल्लीतल्या बायांना रंग दिसला की पुढचं काही दिसत नसे. कुणाची तरी सुटलेली बांदी असणार, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. एकीनं विहिरीवर विचारलंच, "तुझा मालक कोण गं?"

झुवेनानं बादली खाली ठेवली. "माझा नवरा घड्याळं दुरुस्त करतो. मागून येतोय."

नासोर त्याचं नाव. पुढच्या मोसमात येतो म्हणाला होता. दक्षिणेचा वारा सुटला की आफ्रिकेची गलबतं इकडे लागतात. चौसष्ट गेलं, पासष्ट गेलं. तिची स्वाहिली बोली समजणारं आसपास कुणी नव्हतं. माझ्याशी ती मोडकीतोडकी हिंदुस्थानी बोलायची, तिकडच्या आपल्या दुकानदारांकडून उचललेली. स्वाहिली बोलायची ती फक्त कोंबड्यांशी.

आमची दोस्ती नारळावरून. मलबारचे नारळ आले की आम्ही दोघीच तुटून पडायचो. तिची खवणी थेट आमच्या कोकणातल्यासारखी, बसायची नि पुढं दात असलेली. ती खवणी ती अगदी दाराच्या आत ठेवायची. का, ते मला उशिरा कळलं.

तिच्या मुलखात पाहुणा दार वाजवत नाही. बाहेरून "होडी!" अशी हाक देतो, आतून "करिबू" म्हणजे या, असा जवाब येतो. तीन हाका द्यायच्या. जवाब नाही आला तर गुमान परत फिरायचं, पुन्हा त्या दारी थांबायचं नाही. नासोर या बाबतीत फार कडक, म्हणे. म्हणून वारा सुटला की झुवेना घर सोडायची नाही. पाणीसुद्धा मलाच भरून द्यायला लागायचं.

माझ्या जैनबचा निकाह नेमका त्याच दिवसांत. तीस पावलांवर मांडव, पण बाई आली नाही. नारळातला भात पाठवला. मला आला राग. आणि मला राग आला की मी भांडत नाही, खोडी काढते.

दुसऱ्या दिवशी मुश्ताकच्या अब्बांचे जोडे पायात चढवले, घसा जाड केला आणि तिच्या दारात जाऊन ओरडले, "होडी! होडी!"

आत खवणी धाडकन पडली. "करिबू! करिबू!" आवाज सोळा वर्षांच्या पोरीचा. दार उघडलं. केस मोकळे, हातात नारळाची कवड. माझ्या खांद्यावरून ती गल्लीच्या टोकापर्यंत बघत राहिली. मग नजर खाली आली, जोड्यांवर.

माझं हसू ओठातच वाळलं.

"उद्यापासून रोज सकाळी हाक द्यायची," ती म्हणाली.

"कशाला गं?"

"तुझा आवाज कानात बसला, की दुसऱ्याचा आला तर कळेल. नाहीतर तूच आहेस समजून मी गप्प बसायची."

शिक्षा होती ती. पण मी वर्षभर भोगली, एक दिवस न चुकवता. मी हाक द्यायची, ती जवाब द्यायची, वेलची घातलेले गुलगुले समोर ठेवायची. मग मी जगाची खबर सांगायची, ती नारळ खवायची.

पुढच्या मोसमात जैतापूरचा इद्रीस तांडेल दुबईत उतरला. माझ्या बहिणीनं दिलेली कोकमं घेऊन माझ्याकडे आला. चहा पिता पिता म्हणाला, "खाला, तो तुझ्या शेजारणीचा घड्याळवाला नासोर आहे ना? मोंबासाला भेटला. दुकान घातलंय. निकाहही केला, पोरगी आहे सहा महिन्यांची."

"हिचं नाव काढलंस?"

"काढलं की. त्यानं काच डोळ्याला लावली आणि घड्याळात तोंड घातलं. मी बराच वेळ उभा होतो."

अशी बातमी! दुसऱ्या कुणाची असती तर संध्याकाळच्या आत खोर फक्कानला पोचवली असती. ही मात्र गिळली. रोज सकाळी हाक दिली, कांद्यावर बोलले, गल्लीतल्या मुनीरच्या नव्या दाढीवर बोलले, जैनबच्या सासूचं तर पार सोलून काढलं.

दहाव्या की अकराव्या दिवशी झुवेनानं हात थांबवला.

"इद्रीस येऊन गेला. तुझ्या कोकमांचा वास माझ्या भिंतीतून आला. पण त्याच्याबद्दल तू अजून एक अक्षर काढलं नाहीस, मरियम. तू!"

मी गुलगुला तोंडात कोंबला.

"मेला का?"

"तोबा! नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी कुठं बघावं ते मला समजेना.

"मुलगा की मुलगी?"

"मुलगी," मी म्हणाले.

"खलास," म्हणाली, आणि कवड पुन्हा दातांवर धरली.

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी गेले. "होडी!" जवाब नाही. पुन्हा हाक दिली. आत खवणी चालू होती, म्हणजे बाई घरातच. तिसरी हाक ओठांवर आली, पण दिली नाही. दिली असती तर परत फिरावं लागलं असतं. पायरीवरच फतकल मारली. ऊन गुडघ्यांपर्यंत चढलं तरी आतला आवाज थांबेना. एवढ्या नारळाचं तिला एकटीला काय करायचं होतं, कोण जाणे.