मेडिकलवाल्याची माय

औषधाच्या दुकानात काउंटरखाली एक डबा असतो. गोळ्यांच्या कापून उरलेल्या पत्त्यांचा. कुणी दोनच गोळ्या मागतो, कुणी तीन; उरलेलं त्या डब्यात. टाकवत नाही आणि विकलंही जात नाही. आमच्या घरचे किस्से माझ्याकडे असेच साठलेत. मित्रमंडळी चहाला जमली की म्हणतात, "काढ गा एखादा!" मी काढतो. सगळे हसतात, मीही हसतो. पण खरं सांगू? यातला एकही किस्सा घडताना मी हसत नव्हतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

माझं मेडिकल अड्याळला, बाजाराच्या रस्त्यावर. घर मागच्या गल्लीत. घरी मी, बायको सुनंदा आणि आई. आईला अल्झायमर आहे. आधी ती चुलीवरचं दूध विसरायची, मग शेजाऱ्यांची नावं, आता अधूनमधून मला. तेही मी सोसलं असतं. पण आईने जेवणच सोडलं आणि ती डोळ्यांदेखत वाळत चालली. मेडिकलवाल्याची माय! ज्याच्या कपाटात अंगावर मांस चढवणाऱ्या बाटल्यांची रांग, त्याच्या आईच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या!

* * *

आई दारापुढच्या ओट्यावर बसते. सुनंदा ताट आणते. आई ते परत करते, "होऊ दे, मंग." आणि लगेच रस्त्याने जाणाऱ्याला थांबवून सांगते, "सकाळपासून पोटात काही नाही बापा! घरचे जेवाले देत नाही मले!"

बाजाराचा दिवस होता. दुकानात ही गर्दी! मी एका माणसाला भूक वाढवायच्या सिरपचे गुण सांगत होतो. तेवढ्यात मागून एका म्हाताऱ्याने लोकांच्या डोक्यावरून आवाज दिला, "काय गा मेडिकलवाले, तुमची माय उपाशी हाय म्हनते!"

सिरपवाल्या गिऱ्हाईकाने बाटली हळूच काउंटरवर ठेवली.

"राहू द्या," तो म्हणाला. "पुढच्या बाजारी पाहू."

* * *

भंडाऱ्याला डॉक्टरकडे नेलं. रक्ताच्या रिपोर्टात बी-ट्वेल्व्ह कमी निघालं. डॉक्टर म्हणाले, "हे भरून काढू. पण बाटल्यांनी गेलेली आठवण परत येत नाही. पोटात अन्न गेलं पाहिजे, वजन उतरणं थांबलं पाहिजे."

मी मान डोलावली. माझ्या दुकानात 'स्मरणशक्तीसाठी' अशी पट्टी लावलेला एक अख्खा कप्पा आहे. परीक्षा जवळ आल्या की त्यातला माल मी पुढे मांडतो. डॉक्टरांकडे बघायची माझी हिंमत होईना.

त्यांनी आईला विचारलं, "आजी, आज जेवणात काय होतं?"

"भात, वरन, लाखोरीच्या डाळीचे वडे, वांग्याची भाजी, खीर!"

डॉक्टर चमकून माझ्याकडे बघायला लागले. सुनंदा हळूच म्हणाली, "सर, ते रोवणी संपल्यावरचं जेवण आहे. आम्ही शेती करायचो तेव्हाचं."

आमच्या भाताच्या बांध्यांमध्ये धानाची रोवणी, म्हणजे लावणी, आटोपली की आई रोवणाऱ्या सगळ्या बायांना घरी जेवू घालायची. एकेकीला आग्रह करून वाढायची. शेवटच्या बाईने हात धुतला की मग स्वतः बसायची. तोवर घास नाही की घोट नाही.

"मस्तच की!" डॉक्टर म्हणाले. "मग तुम्ही किती वडे खाल्ले?"

"मी?" आई म्हणाली. "मी कुठं जेवली अजून!"

* * *

बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या सुरू झाल्या. लाल, छोट्या. सुनंदा रोज सकाळी एक गोळी आईच्या तळहातावर ठेवायची. आई मूठ मिटायची, पाणी प्यायची आणि म्हणायची, "खाल्ली!" मी खूश. चला, एवढं तरी जमलं!

मग एक दिवस शेजारच्या शेवंताकाकू दुकानात आल्या. रोजीने दुसऱ्यांच्या शेतावर जातात त्या.

"बाबू, ते लाल गोळीचा एक पत्ता दे."

"कोणती गोळी, काकू?"

"तुही माय देते न रोज सकाळी! 'कामाले जाऊन राहिली, खाऊन जाय' म्हनते. आंगात ताकद आली गा! कंबर दुखाची रायली!"

गिऱ्हाइकं हसायला लागली. काकू, कुणीही दिलेली गोळी अशी खाऊ नये, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. गोळी देणारी कोण, तर मेडिकलवाल्याची आई! निमूटपणे पत्ता काढून दिला.

काकू जाताना भर दुकानात म्हणाल्या, "मायची लय सेवा करून राहिला बाबू. देव तुहं भलं करो!"

* * *

मग मी प्रोटीन पावडरचा डबा घरी नेला. व्हॅनिला फ्लेवर. सुनंदाने ती पावडर भाताच्या पेजेत कालवली. आईने वाटी नाकाशी नेली आणि माझ्यापुढे सरकवली.

"तू पे पहिले."

तिचा विश्वास बसावा म्हणून मी मोठा घोट घेतला. अरे देवा! गरम पेज, त्यात मीठ आणि त्यात व्हॅनिला! गिळवेना आणि थुंकवेना. इतकी वर्षं 'चव एकदम मस्त' म्हणून लोकांना हा डबा विकतोय, आणि ती चव माझ्या जिभेवर पडली त्या दिवशी पहिल्यांदा!

आई माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"आजारी हायेस का बाबू?"

"नाही माय."

"मंग काहून पेऊन राहिला हे?"

* * *

गावात एका घरी तेरवी होती, तेराव्याचं जेवण. आमंत्रण होतं, पण दुकान सोडून मी कुठे जातो? दुपारी सुनंदाचा फोन आला, आई घरात नाही! शटर अर्धं ओढून मी धावत सुटलो. आई त्या तेरवीच्या मांडवात सापडली. हातात वरणाची बादली, आणि पंगतीत फिरत वाढणं चाललेलं!

"लाजू नका वो, घ्या अजून!"

मी लाजेने अर्धा झालो. हात धरून न्यायला लागलो तर घरधनी म्हणाला, "असू द्या, माय आपल्याच हायेत." आईने सगळ्या पंगती उठवल्या आणि शेवटी आचाऱ्यांबरोबर स्वतः बसली. भात दोनदा घेतला, बुंदी घेतली, ताट चाटूनपुसून साफ केलं. जी बाई घरी दोन घास खात नव्हती, ती!

घरधनी कौतुकाने म्हणाला, "मेडिकलवाले, कोनतं टॉनिक देऊन राहिले मायले? मस्त भूक लागली!"

परत येताना सुनंदा म्हणाली, "आईंना भूक लागते हो. पण सगळे जेवल्याशिवाय त्या बसत नाहीत. मी त्यांच्यासमोर आधी जेवून बघितलं, तरी बसत नाहीत."

"मग आता घरात जेवायचं राहतं कोण?"

तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. माझे दोन्ही वेळचे डबे ती दुकानात पाठवते, किती वर्षं झाली.

* * *

दुसऱ्या दिवशी मी भर दुपारी दुकान बंद केलं. घरी जाऊन हातपाय धुतले आणि पाटावर बसलो. "माय, वाढ!"

आईने झकास वाढलं. भात, वरण, वांग्याची भाजी. "घ्या भाऊ, लाजू नका," म्हणाली. भाऊ! मी जेवलो की ती जेवेल, एवढंच डोक्यात होतं. पोटभर जेवलो, तिला दिसेल असा हात धुतला. सुनंदाने आईचं ताट मांडलं.

आईने ते बाजूला सारलं. "थांब वो. माहा पोरगा दुकानातून यायचा हाय. तो आला का मंग आमी दोघं बसू."

"माय, मीच होय न तुहा पोरगा!"

"हो का?" आई पाहुण्याशी बोलावं तसं हसून म्हणाली. "बरं हाय."

मी सुनंदाकडे बघितलं. तिने डोळ्यांनीच दाराकडे खूण केली.

मी उठलो. चपला घातल्या, बाहेर गेलो, गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत नेली आणि वळवून परत आणली. दारात हॉर्न वाजवला.

"माय, आलो वो!"

आईचा चेहरा असा फुलला! "आला? किती उशीर करतेस रे बाबू! हात धू, बस लवकर."

तिने दोन ताटं वाढली आणि माझ्या शेजारी बसली. भात कालवला आणि जेवायला लागली. भराभर जेवली, आणखी भात मागून घेतला. मी भरल्या पोटावर दुसऱ्यांदा जेवत होतो आणि ताटातून नजर वर काढत नव्हतो.

मध्येच ती माझ्याकडे झुकली. सुनंदाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात म्हणाली,

"आत्ता एक मानूस जेवून गेला रे. लय भुकेला होता बिचारा. घरचे जेवाले देत नसन त्याले!"