मावशीच्या मनगटात मंदावलेला संदेश

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

सक्करदऱ्याला राहणाऱ्या माझ्या मावशीच्या बोटांना वर्षभरापासून मुंग्या येतात. हातातून कप पडला की काका म्हणायचे, "नाटकं करून राहिली." शेवटी आज मीच तिला नसांच्या तपासणीला नेलं. काकाही आले.

डॉक्टरांनी तिच्या हाताला बारीक शॉक दिले आणि स्क्रीनवरच्या रेषा दाखवत समजावलं, "नसेच्या पेशीत क्षारांचे कण आत-बाहेर करतात. त्यातून विजेचा संदेश तयार होतो आणि पुढे धावतो. यांची नस मनगटात दाबली गेलीय, तिथं तो मंदावतो."

मावशी रडायलाच लागली. मी घाबरले. "जोरात लागला का वं मावशी?"

"नाही वं. मले वाटलं होतं, मीच येडी झाली."

आणि काका? त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "मंग पोळ्या कधीपासून करन ही?"

मी त्यांना सुनावणारच होते. मावशीच डोळे पुसत म्हणाली, "तोवर तुम्ही शिका नं जी."

बाईनं ‘दुखतंय’ म्हटलं की तेवढ्यावर विश्वास ठेवतात, असं तुमच्या घरी होतं का हो? खरं सांगा.