विहार कुणाच्या हाती

आखाडा बाळापूरजवळच्या एका खेड्यातला सोनाजी नागपूरच्या गिरणीत कामाला गेला आणि काही वर्षांनी मुंडण करून, अंगावर चीवर घेऊन परत आला. तिकडे त्याला एक म्हातारे भिक्खू भेटले होते. त्यांच्याकडूनच त्याने दीक्षा घेतली. महारवाड्यातली माणसं त्याला भंते म्हणू लागली. वरच्या गावातल्या सवर्णांना ते सोसलं नाही. पहिल्याच आठवड्यात चौघांनी त्याला ओढ्यात गाठून काठ्यांनी झोडपलं. चीवर फाडलं, बरगड्या मोडल्या. मारता मारता एकच विचारत होते, "जोहार घालायचा सोडून साधू झालास व्हय रे?"

बरगड्या भरून आल्यावर सोनाजीने वस्तीच्या कडेला विहार बांधायला काढला. गोजरबाई नावाच्या विधवेने आपल्या परड्यातली जागा दिली, अख्ख्या वस्तीने माती तुडवली. म्हातारे भिक्खू हातभर उंचीची बुद्धमूर्ती गोणपाटात गुंडाळून स्वतः घेऊन आले. मग कारभार कुणी पाहायचा हा प्रश्न निघाला. सोनाजीचा मामेभाऊ रामकिशन वस्तीचा पुढारी होता. तो म्हणाला, "भंते, तुमी मालक, मी कारभारी. दाराला कुलूप घालू."

"भिक्खू मालक झाला की त्याचा पुजारी होतो," सोनाजी म्हणाला. "ज्यांनी बांधला त्यांनी मिळून चालवावा. बायांनीबी. आन् दार उघडं राहू दे."

म्हाताऱ्या भिक्खूंना ते पटलं नाही. "जिथं भिक्खूच्या बरगड्या मोडतात तिथं उघडं दार ठेवलं तर मूर्तीचे तुकडे होतील," ते म्हणाले. "कारभार एकाच्याच हाती असू द्या."

गुरूचं म्हणणं सोनाजीने मानलं. कुलूप लागलं आणि किल्ली रामकिशनच्या कमरेला गेली.

अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात निजामाच्या मुलखात कुणाचा धाक उरला नव्हता. हत्यारबंद टोळ्या गावं लुटत फिरत होत्या. एका दुपारी वरच्या गावातून धूर निघाला आणि बाया-लेकरं ओढा ओलांडून वस्तीकडे पळत आली. सगळ्यांत पुढे पाटलाच्या भावकीतली द्वारकाबाई होती. तिच्या नवऱ्याला तिच्या डोळ्यांदेखत अंगणात कापलं होतं. लुगडं त्याच्या रक्ताने भिजलं होतं. वस्तीत जाड भिंतीची जागा एकच, विहार.

रामकिशन दारात आडवा झाला. "ह्यांनी आपल्याला हिरीवर चढू दिलं न्हाई. तुमच्या बरगड्या ह्यांच्याच माणसांनी मोडल्या. मी किल्ली देणार न्हाई."

"दे, रामकिशन."

"काहून देऊ?"

सोनाजीने गोजरबाईच्या ओट्यावरची कुऱ्हाड उचलली, भावाला खांद्याने बाजूला ढकललं आणि कोयंड्यावर घाव घालत सुटला. कोयंडा उखडला तशी बाया-लेकरं आत शिरली. कुऱ्हाड फेकून तो उंबऱ्यावर उभा राहिला.

टोळीतले काही जण मागावर आलेच. "हट जा," पुढचा म्हणाला. सोनाजी हटला नाही. पहिली तलवार त्याने उजव्या हातावर झेलली आणि पंजा नुसत्या कातड्याला लोंबायला लागला. दुसरा वार खांद्यात बसला. तो चौकटीला टेकला, पण वाट सोडली नाही. तिसऱ्या वारासाठी तलवार वर गेली, तेवढ्यात रामकिशनने पडलेली कुऱ्हाड उचलून मागून त्या माणसाच्या मानेत घातली. तो सोनाजीच्या पायांवर कोसळला. मग वस्तीने दगड, विळे, मुसळं जे हाती लागलं ते चालवलं. टोळी पळाली.

गोजरबाईने लोंबता पंजा विळ्याने तोडला आणि थोटूक उकळत्या तेलात धरलं. सोनाजी ओरडला, बेशुद्ध पडला आणि शुद्धीवर येऊन पुन्हा ओरडला.

निजामाची फौज शरण आल्यावर वस्ती विहारात बसली. म्हातारे भिक्खूही आले होते. रामकिशन म्हणाला, "विहार मी राखला. कारभार माझाच."

"तू नसतास तर मी मेलो असतो, आतल्या बायाबी मेल्या असत्या," सोनाजी म्हणाला. "पण माणूस मारल्यानं हक्क येत न्हाई. हात गेला म्हणून मलाबी येत न्हाई. आज तुझी कुऱ्हाड, उद्या तुझ्यापेक्षा मोठी कुऱ्हाड ज्याची त्याचा कारभार."

सगळे म्हाताऱ्या भिक्खूंकडे पाहू लागले. आपलं चुकलं असं ते म्हणाले नाहीत. "तुम्हीच ठरवा," एवढंच बोलले.

पाच जणांनी कारभार पाहावा आणि ते दर वर्षी बदलावेत असं ठरलं. पहिल्या पाचांत गोजरबाई होती. रामकिशन उठून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनाजी डाव्या हातात भिक्षापात्र घेऊन त्याच्याच दारात उभा राहिला. रामकिशन खाटेवर बसून होता.

"मी तिथं येणार न्हाई, भंते."

"नको येऊ. भूक लागलीय."

"त्या माणसाचं तोंड सारखं डोळ्यांपुढं येऊन राहिलं," रामकिशन हळू आवाजात म्हणाला.

सोनाजी खाटेच्या कडेला बसला. एका हाताने पात्र धरून जेवणं जमणार नव्हतं, म्हणून रामकिशनने आतून भाकरी आणली, पात्र स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि भाकरी कुस्करायला लागला.