स्प्रिंगकाकांचा लाल ठिपका

स्प्रिंगकाका पिस्तुलाकडे आधी बघतच नसत. हात पुढे करून म्हणत, "मॅगझिन दे." मग डोळे मिटून त्या गोळ्यांच्या पेटीतली स्प्रिंग अंगठ्याने दाबत, सोडत, पुन्हा दाबत. वैद्याने नाडी बघावी तसं. कोळगावच्या वाटेवर त्यांचं परवानाधारक बंदूक-दुरुस्तीचं दुकान होतं. लायसनच्या नूतनीकरणाला आलेले आम्ही गनमन कचेरीतून सुटलो की तिथेच टेकायचो.

मी बोईसरला रोकड नेणाऱ्या गाडीवर गनमन. माझं पिस्तूल जुनं, स्वस्तातलं, माझ्याकडे येईपर्यंत दोन मालक बघितलेलं. तिसरी गोळी हमखास अडकायची. मी आपला नळी पुसतोय, तेल घालतोय, शिव्या घालतोय! काका हसले. "पिस्तुलाला कशाला बोलतंस? याचं ओठ वाकलं हाय." मॅगझिनच्या तोंडाशी गोळी धरून ठेवणाऱ्या दोन कडा असतात, त्यांना ते ओठ म्हणत. त्या फाकल्या की गोळी वाकडी चढते. माझ्याकडे मॅगझिन दोन. त्यातलं एक बरं निघालं, त्याच्यावर काकांनी काकीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. दुसरं माझ्या हातात ठेवत म्हणाले, "हे थकलं. देवाजवळ ठेव नि गप बस." नवीन मिळणार कुठून? ते पिस्तूल बनायचंच बंद झालं होतं.

मी शहाणा, खरोखरच देवघरात ठेवलं. गेल्या दसऱ्याला शस्त्रपूजेसाठी सगळं पाटावर मांडून आंघोळीला गेलो. सुनंदाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, एका मॅगझिनवर लाल ठिपका बघितला, दुसऱ्यावर नाही. तिला ते बरं दिसेना. लगेच आपली नेलपॉलिश आणून तिने दुसऱ्यालाही ठिपका दिला. मी येईपर्यंत वाळलासुद्धा.

"अगं, हे काय करून बसलीस!"

"काय केलं? सणाच्या दिवशी एकाला लावायचं नि एकाला नाही?"

आता कुठलं बरं आणि कुठलं थकलेलं? ओठांचा फरक नुसत्या डोळ्यांना दिसेना; दोन्ही दाबून पाहिली. घटकेत हे बरं वाटे, घटकेत ते. पुढच्याच आठवड्यात कंपनीची वार्षिक फायरिंगची परीक्षा होती. आदल्या वर्षी गोळी अडकली होती, या वेळी अडकली तर नोकरी गेली समज, असं साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं. 

दुकानावर धावलो तर कुलूप. काकांचं उजवं अंग लुळं पडलं होतं, बेटेगावला घरी खाटेवर होते. तिकडे गेलो, सगळा घोळ सांगून मी रिकामी मॅगझिन त्यांच्या डाव्या हाताशी ठेवली. डोळे मिटून त्यांनी एक दाबलं. मग दुसरं. परत पहिलं.

"नाय समजत रं," ते म्हणाले. "अंगठाच गोंदळला."

 नोकरी-बिकरी विसरून मी तो हात धरून बसलो. शेवटी काका म्हणाले, "ठेव दोनी. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी काकीने दोन्ही मॅगझिन कागदात गुंडाळून दिली. ठिपके खरवडून टाकलेले. "सकाळपासून मला पकड धरायला लावली," ती म्हणाली. "ते डाव्या हातानं ओठ वाकवत व्हते. कंचं काय केलं ते मला नको इचारू, बाबा. मी नुसतं धरलं." आत काका गाढ झोपले होते.

फायरिंगचा दिवस उजाडला. पहिलं मॅगझिन भरलं, तिसरी गोळी सुटली, चौथीही. सगळं रिकामं झालं. दुसरंही तसंच! साहेबांनी माझ्या नावापुढे 'पास' लिहिलं. मी तिथून थेट बेटेगाव गाठलं.

ऐकून काकांचा चेहरा उजळला आणि लगेच गोंधळला. "दोनी चालली? मग खराब कंचं व्हतं?"

मी काकीकडे पाहिलं, काकीने माझ्याकडे. "नाही कळलं, काका," मी म्हणालो.

दिवाळी काही त्यांनी पाहिली नाही.

यंदा दसऱ्याला सुनंदा बाटली घेऊन उभी. पोळलेली बाई, आधी विचारून घेत होती. "कुठल्याला लावू?" मी दोन्ही मॅगझिन डाव्या हातात घेतली, डोळे मिटले, एक दाबलं, दुसरं दाबलं. काही कळलं नाही.

"दोघांनाही लाव," मी म्हणालो.