परसों म्हणजे केव्हा

हैदराबादच्या चिक्कडपल्लीत राहणारी एक मुलगी मागच्या महिन्यात माझ्याकडे सल्ल्याला आली. घराणं मूळचं नांदेडकडचं, वडील बँकेतून नुकतेच निवृत्त झालेले. तिने डोळ्याचा पडदा तपासणारं हातात मावेल एवढं यंत्र बनवलं आहे. पुढचे नग बनवायला पैसा हवा, म्हणून बापलेक राहता फ्लॅट गहाण टाकायला निघाले होते.

"अगं, राज्य सरकारची बीजभांडवलाची योजना आहे की."

"आहे. पण काका, मराठी मंडळाच्या सत्कारात तुम्हीच म्हणालात ना, सरकारच्या दारात गेलो असतो तर अजून रांगेतच असतो? बाबांना ते वाक्य पाठ आहे."

वाक्य माझंच. त्याला टाळ्याही पडल्या होत्या. आणि ते खोटं होतं.

निवृत्तीनंतर नल्लकुंट्याच्या घरी वरच्या खोलीत मी एक सळई बनवली. धान्याच्या थप्पीत खुपसून ठेवायची. आत ओल किंवा उष्णता वाढली की मोबाइलवर कळतं. फंडाचा पैसा त्यात गेला. बँक म्हणे, आधी विकून दाखवा. गिऱ्हाईक म्हणे, आधी चार बनवून दाखवा. त्या कोंडीत मी याच योजनेत अर्ज केला. तारण नाही, व्याज नाही. समितीला यंत्र पटलं की पहिला हप्ता.

समितीत दिल्लीहून आलेले एक तज्ज्ञ होते. सळई पावसाळ्यात टिकते का, एवढीच त्यांची शंका. मी म्हटलं, एका गोदामात ठेवली आहे, उत्तम चालते.

"कब रखी?"

"परसों रखे, साब."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "दो दिन में बरसात निकल गई?"

हैदराबादेत परसों म्हणजे काल सोडून मागचा कुठलाही दिवस. आमच्या घरच्या मराठीतला 'परवा'सुद्धा तसाच. माझं लग्नही परवाच झालंय. त्यामुळे चुकलं काय तेच मला कळेना. घामाघूम होऊन मी "परसोंच साब, परसोंच" करत राहिलो.

योजनेचं काम पाहणाऱ्या अधिकारी बाई टोकाच्या खुर्चीवर होत्या. तेलुगू घरातल्या, पण याच शहरात वाढलेल्या. त्यांना हसू आवरेना.

"सर, इनकी परसों कैलेंडर में नक्को ढूंढो. हमारे यहां चारमिनार भी परसोंच बना." मग मला म्हणाल्या, "गोदामवाले को फोन लगाओ."

फोन स्पीकरवर ठेवला. सळई केव्हापासून आहे, असं बाईंनी विचारलं.

"वो? परसों से है ना!"

तज्ज्ञांनी कपाळाला हात लावला.

"अरे बाबा, बोनालू के पहले कि बाद में?"

"पहले, मैडम. बोनालू में तो उसको हल्दी-कुंकू भी लगाए."

बोनालूचा सण आषाढात, आणि आमची बैठक दिवाळीनंतरची. तज्ज्ञही हसले. मग त्यांनी माझ्या मोबाइलवरच्या पावसाळ्याच्या नोंदी पाहिल्या, आधी बघायलाही तयार नव्हते त्या. पहिला हप्ता मिळाला. कोणाला साधा चहा पाजावा लागला नाही. पुढे खर्चाचा हिशेब कसा द्यायचा ते बाईंनी समजावलं, पहिल्या खरेदीदाराचा पत्ताही त्यांनीच दिला. आज त्या सळईवर माझ्या घरासकट काही घरं चालतात.

सत्काराच्या दिवशी निवेदक म्हणाला, "सरकारची कवडीही न घेता उभे राहिलेले उद्योजक!" तिथेच थांबवायला हवं होतं. ऐकायला गोड वाटलं, म्हणून थांबवलं नाही. वर रांगेचं ते वाक्य जोडून दिलं. बाई सभागृहातच होत्या, माझ्याच आमंत्रणावरून. त्यांना मराठी समजतं. जेवताना म्हणाल्या, "अच्छा बोले, साब." बस, तेवढंच. त्यानंतर त्यांना फोन करायची माझी छाती झाली नाही.

हे सगळं त्या मुलीला सांगितलं.

"म्हणजे काका, तुमच्या टाळ्यांपायी आमचं घर जाणार होतं."

तिच्यासमोरच बाईंना फोन लावला. त्याही आता निवृत्त झाल्या आहेत. अर्धं मराठी, अर्धं दखनी, असं काहीतरी मी चाचरत बोलू लागलो.

"माफी रहने दो, साब. लड़की क्या बनाई वो बोलो."

मी फोन मुलीच्या हातात दिला. दोघी बराच वेळ बोलत होत्या. पडदा, भिंग, दवाखान्यातली चाचणी, एकेक गोष्ट बाई विचारत होत्या आणि ही उभ्या उभ्या उत्तरं देत होती. फोन ठेवल्यावर तिने वडिलांना कळवलं, "बाबा, उद्या बँकेत जायचं नाही."

अर्ज गेला आहे. समितीचं बोलावणं अजून आलेलं नाही, आणि हप्ता मिळेलच असं मी तिला सांगितलेलं नाही. फ्लॅटचे कागद मात्र कपाटातच आहेत, आणि अर्जाचा मसुदा बाईंनी दोनदा वाचून दुरुस्त करून दिला.