म्हशीचा खुंटा

मी डूख धरणारा माणूस आहे. आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. बायको तर लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून म्हणत आली, सापाला एक वेळ उतारा मिळेल, ह्यांना न्हाई. लोक विसरतात, मी विसरत नाही, आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही. आता गाडीचं सांगतो, म्हणजे कळेल.

गाडी म्हणजे जुनी फोर-व्हील पिकअप. मागं हौदा, पुढं तिघांची जागा, आणि गिअरच्या शेजारी आणखी एक लहान दांडा. तो दांडा ओढला की पुढची चाकंही जोर लावतात आणि गाडी चिखलातून रेड्यासारखी निघते. ही गाडी माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची, म्हणजे दाजींची. दाजी शिरूर अनंतपाळकडचे शेतकरी, मी नांदेडात राहणारा. मला किनवटच्या जंगलातल्या एका आश्रमशाळेला धान्य अन् भाजीपाला पोचवायचं काम मिळालं होतं. तिकडचे नाले पावसाळ्यात साध्या गाडीला दाद देत नाहीत, म्हणून मला फोर-व्हीलच पाहिजे होती. दाजींना नवी गाडी घ्यायची होती. जमलं.

"दाजी, फोर-व्हील चालू हाय ना?" मी एवढंच विचारलं.

"तुमच्या अक्काच्या गळ्याची आण, मेव्हणे. दांडा वढा अन् डोंगर चढा."

जुनी गाडी घेताना शेंबडं पोरगंसुद्धा खाली वाकून बघतं. मी वाकलो नाही. ज्या माणसाचे लग्नात पाय धुतले, त्याच्या गाडीखाली बॅटरी घेऊन कसं शिरायचं? आमच्यात जावयाचा शब्द तपासत नाहीत. तपासला असता तर अक्काला सासरी वर्षभर ऐकून घ्यावं लागलं असतं, की तुझ्या भावाचा आमच्यावर भरवसा न्हाई. बहिणीला बोल लागू नये म्हणून मी आंधळा झालो. अक्का तिथंच उभी होती. तिनं गाडीला हळदकुंकू लावलं, आणि मी निघालो.

त्याच पावसाळ्यात किनवटच्या पुढं एका नाल्यात गाडी रुतली. हौद्यात ज्वारी, तूरडाळ, कांदे. मी गुडघाभर पाण्यात उतरलो, पुढच्या दोन्ही चाकांचे हब, म्हणजे मधल्या चकत्या, हातानं फिरवून लॉक केले, वर बसून दांडा ओढला. काठावर दहा-बारा माणसं जमली होती. मी खिडकीतून त्यांना म्हणालो, "बघा आता." मागची चाकं गरगर फिरली आणि गाडी स्प्रिंगच्या पाट्यांपर्यंत खाली बसली. काठावरचा एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "लेका, तुझं म्होरलं चाक नुसतं बघून राहिलं की."

शेवटी दोन बैलजोड्या आणून गाडी ओढली. कांद्याचं एक पोतं वाहून गेलं. शाळेत पोरं दुपारपर्यंत उपाशी बसलेली. पुढच्या आठवड्यापासून माझं काम एका ट्रॅक्टरवाल्याला गेलं. तोपर्यंत सगळ्या टापूत माझं नाव पडलं होतं, बैलांची फोर-व्हील.

काठावर मी गाडीखाली आडवा झालो. पुढच्या चाकांकडं जो लोखंडी शाफ्ट जायला पाहिजे, तो नव्हताच. जिथं तो बसतो त्या तोंडाला खताच्या पोत्याचा तुकडा गुंडाळून सुतळीनं बांधला होता. गाठ अगदी निगुतीनं मारलेली. ती गाठ बघून माझ्या अंगाची लाही झाली. घाईगडबडीत कुणी विसरलं असं नव्हतं ते.

उदगीरला एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. दाजींची गाडी आधीपासून त्यांच्याकडंच. चाचांनी गाडीखाली डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं. "भाऊ, ये तो मेरेच हात से निकला," ते म्हणाले. "शाफ्ट काढला की डिझेल कमी लागते, लई लोक काढून ठेवतात. मगर बेचते वखत लगाके देना, नाही तर निदान सांगावं तरी माणसानं. तुमच्या दाजींनी पोत्यात घालून घरी नेला."

घरी नेला म्हणजे कुठं, ते मला दिवाळीत कळलं. भाऊबीजेला अक्काकडं गेलो होतो. अंगणात खाट टाकून दिली, समोर म्हैस बांधलेली. म्हशीचा खुंटा जमिनीतून हातभर वर आलेला, गोल, लोखंडी, वरच्या तोंडाला चपटी कडी आणि कडीला चार भोकं. दाव्यानं घासून घासून तिथं चकाकी आलेली. त्याआधी मी त्या खुंट्याला स्वतःच्या हातानं म्हैस बांधली होती. दाजींनी विचारलं, "गाडी काय म्हणते, मेव्हणे?" मी म्हणालो, "लई झ्याक." आणि त्या खुंट्याकडं बघत अक्काच्या हातची भजी खाल्ली. त्या घासाघासाला मी ठरवत गेलो, की हा खुंटा एक दिवस दाजींच्याच हातानं उपटून घ्यायचा, आणि घ्यायचा तो चारचौघांत.

तीन वर्षं मी वाट बघितली. तोवर नांदेडच्या भंगारातून दुसरा शाफ्ट शोधला. जुळत नव्हता, चाचांनी कापून, जोडून, तोल साधून बसवला. तरी हब लॉक करून जरा पळवली की खालून हुं हुं असा आवाज यायचा, अजून येतो. दर महिन्याला मी खाली झोपून त्याच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसला, म्हणजे फिरत्या सांध्याला, ग्रीस भरायचो. पाटे बदलले, डिझेलच्या नळीतली हवा काढायला शिकलो, ऑइल सील स्वतः बसवायला लागलो. दर वेळी अंगावर तेल गळायचं आणि दाजींचा चेहरा डोळ्यासमोर यायचा. खोटं कशाला बोलू, मला त्यात सुख वाटायचं.

मधल्या काळात दाजींच्या एकुलत्या एक पोरीनं, माझ्या भाचीनं, ह्याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकून घेतलं. सुट्टीत नांदेडला आली की पहिल्यांदा गाडीचं बॉनेट उघडायची. हब लॉक करायला स्वतः उतरायची, हात काळे करून घ्यायची. तिला बापाचं काही माहीत नव्हतं, मीही सांगितलं नाही. एकदा म्हणाली, "मामा, लग्न झालं की ह्याच गाडीत बसून सासरी जाईन. पंचमीला न्यायला बी तुम्हीच या." तिला भाऊ नाही. सासुरवाशिणीला माहेरी आणायला मुराळी म्हणून भाऊ जातो, भाऊ नसला की मामा. मी हो म्हणालो. ती पोर माझा जीव की प्राण होती.

तिचं लग्न ठरलं ते उदगीरच्या अलीकडच्या एका घरात, भरपूर शेती, तोंडानं कडक सासरा. मांडव दाजींच्याच शेतातल्या घरापुढं. लग्नाच्या आदल्या दुपारी अवकाळी आला, गारांसकट. डांबरी रस्त्यापासून शेतापर्यंतची पाणंद सगळी काळी माती, तिचा लोण्याचा गोळा झाला. दाजींचा ट्रॅक्टर सकाळी पहिल्याच फेरीत घसरून कडेच्या नालीत कलंडला. गावातले बाकीचे ट्रॅक्टर दुसऱ्या लग्नांना वऱ्हाड घेऊन गेलेले, तिथी दाट होती. दाजींची नवी पांढरी गाडी अंगणातून हलेना. आणि डांबरीवर वऱ्हाड येऊन थांबलं.

सगळ्यांच्या नजरा माझ्या पिकअपकडं वळल्या. मी हब लॉक केले, दांडा ओढला आणि हुं हुं करत निघालो. पहिल्या फेरीत नवरदेवाचा बाप आणि त्यांच्यातली चार वडीलधारी मंडळी आणून मांडवात उतरवली. नवरदेव अजून डांबरीवर, चिखलात पाय ठेवणार नाही म्हणून बसलेला. मुहूर्ताला अर्धा तास. तिथं मी गाडी बंद केली आणि चावी खिशात घातली.

दाजी धावत आले. पांढरे कपडे, डोक्याला फेटा. "मेव्हणे, चला की. नवरदेव थांबलाय."

"दाजी, माझा शाफ्ट द्या."

त्यांना लगेच कळलं. तोंड उतरलं ते मी बघितलं, आणि तीन वर्षांचं ग्रीस धुऊन निघाल्यासारखं मला वाटलं. ते हळूच म्हणाले, "आज न्हाई. हात जोडतो. गाडीला शाफ्ट हाय ना आता?"

"हाय. पण म्हशीचा खुंटा केलाय त्यो बी माझाच हाय. उपटून द्या, लगेच निघतो."

व्याही पुढं झाले, कसला शाफ्ट म्हणून विचारायला लागले. मी सगळं सांगितलं. अक्काच्या गळ्याची आण, खताच्या पोत्याचा तुकडा, सुतळीची गाठ, बैल, काही सोडलं नाही. आवाज चढवून सांगितलं, मांडवातल्या शेवटच्या खुर्चीला ऐकू जाईल असं. व्याही ऐकत होते आणि मिशीत हसत होते. मला ते हसू गोड लागलं. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, मी दाबून धरलं होतं.

दाजींनी कुणाला तरी पहार आणायला सांगितली. मी म्हणालो, "दुसऱ्यानं न्हाई. तुमच्या हातानं."

मग दाजी शेणाच्या चिखलात गुडघ्यावर बसले. अक्का घरातून बाहेर आली. तिनं म्हशीचं दावं सोडलं आणि हातात धरून उभी राहिली. दाजी पहार घालत होते, हलवत होते, पुन्हा घालत होते. फेटा सुटून खांद्यावर आला. खुंटा निघाला तेव्हा कंबरेएवढा होता, खालचा क्रॉस गंजून गच्च झालेला, भंगारवालासुद्धा नाक मुरडेल असा. दाजींनी तो दोन्ही हातांनी उचलून माझ्या हौद्यात ठेवला. मी दारात बघितलं. तिथं हळदीच्या अंगानं, मुंडावळ्या बांधून भाची उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक.

मी जाऊन नवरदेवाला आणलं, मुहूर्त साधला. मामा म्हणून मी तिला मांडवात आणलं, पाठीमागं उभा राहिलो. तिनं मान वळवली नाही. निघताना सगळ्यांच्या पाया पडत ती माझ्यापाशी आली, वाकली, आणि खालच्या खाली म्हणाली, "मामा, बाबांचं चुकलं होतं. पण तुम्ही त्यांना माझ्या सासऱ्यासमोर गुडघ्यावर बसवलं. आता त्या घरात मला जायचंय." डांबरीपर्यंत ती माझ्याच गाडीतून गेली, दुसरा इलाज नव्हता. सगळ्या रस्त्यात खालून तेवढा तो हुं हुं आवाज.

दाजींवरचा माझा राग मी आजही मागं घेत नाही. त्यांनी माझ्या बहिणीच्या गळ्याची खोटी आण घेतली, आणि करावं तसं भरावं. पण भरलं कुणी, ते अक्काच्या फोनवरून कळत गेलं. पोरीच्या सासरी काही सापडेनासं झालं, विळा असो की गड्याची चप्पल, सासरा सगळ्यांदेखत म्हणतो, "सूनबाईच्या माहेरी बघा, म्हशीच्या खुंट्याला असंल." घरातले हसतात. ती ताटात वाढत राहते. बहिणीला बोल लागू नये म्हणून जो मी गाडीखाली वाकलो नव्हतो, त्या मीच बहिणीच्या पोरीला जन्माचा बोल लावून ठेवला. हे मला रुततं, खोल रुततं, आणि ह्यातून निघायला कुठला दांडा नाही.

पंचमी जवळ आली. मी अक्काला फोन केला, मुराळी म्हणून निघतो म्हणालो. अक्का म्हणाली, "ती म्हणली, मामाला धाडू नका. चिखलातनं चालत येईन म्हणली."

तरी मी गेलो. माझा स्वभावच तसा. तिच्या सासरच्या गावाची पाणंद जिथं डांबरीला मिळते तिथं, बसथांब्याजवळ, सकाळपासून गाडी लावून बसलो. झड लागलेली. साधी गाडी तिथं चार हात आत गेली नसती. माझे हब लॉक करून तयार होते.

दहाच्या सुमाराला ती दोघं येताना दिसली. पुढं दाजी, डोक्यावर पोरीची बॅग, पायजमा मांडीपर्यंत वर खोचलेला. मागं ती, नवी साडी वर धरलेली, चपला हातात. दर पावलाला पाय रुतत होता आणि ती तो उपसून पुढं टाकत होती. मी उतरलो आणि तिच्या बाजूचं दार उघडून धरलं. दाजी थांबले. माझ्याकडं बघितलं, मग पोरीकडं बघितलं.

तिनं रस्त्याकडंच्या डबक्यात पाय धुतले, चपला घातल्या. मग गाडीपाशी आली. आत सीटवर मी तिच्यासाठी चादर अंथरली होती, ती तिला दिसली असणार.

"मामा, दार लावून घ्या," ती म्हणाली. "पाऊस आत जाऊन राहिला."

शिरूरची बस आली. दोघं चढली. मी दार लावलं.