पुन्हा पांढरे झालेले दाणे

पाणबुडे काकांना कुणी सुस्कारा टाकलेला खपत नसे. आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत कुणी धापा टाकत जिना चढू लागला, की ते दारातून ओरडत, "अरे, किती फुकट घालवतस!" काका मूळचे मालवणचे. बंदरात पाण्याखाली जाऊन जहाजांचे तळ तपासण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. निवृत्तीनंतर गावी जाऊन ते हौसेने बुड्या मारत.

त्यांचा राग पाणबुडे पाठीवर बांधतात त्या साध्या हवेच्या टाकीवर होता. "श्वास सोडलो की बुडबुडे. बराचसो प्राणवायू तसोच फुकट जाता, मास्तर!" मी ग्रंथपाल, म्हणून मास्तर. शेवटी त्यांनी सोडलेला श्वास पुन्हा वापरणारं एक जुनं यंत्र विकत घेतलं. त्यात प्राणवायूची लहानशी बाटली तासन्‌तास पुरे, हे खरंच होतं. बचतीच्या हिशेबात यंत्राची किंमत मात्र ते धरत नसत. काकू म्हणत, "ह्यांच्या बचतीपायी घरात नवो फ्रीज येवक नाय."

काकांना एकच खर्च डाचे. श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठला तर जीव घेतो; तो शोषून घ्यायला यंत्रात साबुदाण्याएवढे पांढरे दाणे भरावे लागत. वापरले की ते जांभळे होत, मग फेकायचे. एकदा काकांनी ते फेकले नाहीत, डब्यात भरून बोरीवलीला आणले. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर दाणे पुन्हा पांढरे. "बघ मास्तर, झोप काढून ताजे झाले!"

यंत्राबरोबरचं इंग्रजी पुस्तक त्यांना मीच वाचून दाखवत असे. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की रंग परत येतो, शोषण्याची शक्ती परत येत नाही. मी तसं सांगितलं. काका हसले. "यंत्रवालेच दाणे विकतत. ते दुसरा काय लिवतले?" मला ते पटलं नाही. पण पाण्याखाली आयुष्य काढलेल्या माणसाला, पोहताही न येणारा मी काय शिकवणार? मी पुस्तक मिटलं. दाणे वर्तमानपत्रावर पसरायला त्यांना हातभारही लावला.

ते दाणे तिसऱ्यांदा भरून काका मालवणच्या समुद्रात उतरले आणि वर आले नाहीत. होडीवाल्यांनी त्यांना बाहेर काढलं, तेव्हा बाटलीत अर्ध्याहून जास्त प्राणवायू शिल्लक होता.

तेरावं झाल्यावर काकू ते पुस्तक घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांना इंग्रजी येत नाही.

"त्या दाण्यांचा ह्यात काय लिवलेला आसा रे?"

पान कुठलं ते मला पाठ होतं. तरी मी बराच वेळ चाळत राहिलो.

"काहीच नाही, काकू."

"मगे ह्यांची काय चूक नाय," त्या म्हणाल्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच रडल्या.